साडूबुवांची मागची सीट

आमच्या साडूबुवांच्या मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेला नव्हता. मागे सामान बसायचं.

साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, तो साडूबुवांच्या घरातल्या मागच्या खोलीत येतो आणि साडूबुवा त्यावर आधी मेणात दात बसवतात. ही मेणातली कवळी डॉक्टरांकडे परत जाते. पेशंटच्या तोंडात घालून बघायची, दात सरळ दिसतात का, चावा नीट बसतो का. सगळं पसंत पडलं की ती पुन्हा साडूबुवांकडे येते आणि मग पक्की होते. म्हणजे एका कवळीसाठी बऱ्याच फेऱ्या, आणि डॉक्टर पसरलेले आसपासच्या सगळ्या गावांत. त्यामुळे साडूबुवांचं निम्मं आयुष्य त्या मागच्या खोलीत गेलं आणि उरलेलं मोटारसायकलवर.

त्या खोलीत चहा प्यायला बसणं हा एक अनुभव आहे. समोरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे रांगेने मांडलेले असतात आणि सगळे आपल्याकडे तोंड करून असतात. नवखा पाहुणा बिस्किट तोंडात घालताना अवघडतो. साडूबुवा मात्र तिथेच जेवतात, तिथेच पेपर वाचतात आणि पाहुण्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात. माझ्या उजव्या सुळ्याबद्दल त्यांचं काही मत आहे. ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण दर भेटीत त्यांची नजर तिथे जाते.

असा हा दातांचा माणूस, पण नातेवाइकांत त्यांची ओळख वेगळी. आमच्याकडे त्यांना ‘फिरतं गॅरेज’ म्हणतात. त्याला कारण त्यांची पंक्चरची तयारी.

मोटारसायकलच्या डाव्या बाजूच्या पिशवीत पाने, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, ठिगळं, सोल्यूशन, खरखरीत कागद आणि व्हॉल्व्ह काढायची किल्ली. उजव्या पिशवीत हातपंप, आणि हातपंपावर विश्वास नको म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप. मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी घट्ट आवळलेली मोठी बॅग. तिच्यात पुढच्या चाकाची ट्यूब, मागच्या चाकाची ट्यूब, ट्यूब नसलेल्या टायरात खुपसायच्या चिकट दोऱ्या (त्यांच्या गाडीच्या दोन्ही चाकांत ट्यूब आहे, तरीही), रस्त्यावर अंथरायला जुनी चादर, गुडघ्याखाली घ्यायला उशी, भोक शोधण्यासाठी पाणी आणि ते पाणी ओतायला घडी होणारं घमेलं. दातांचा डबा कुठे, असं तुम्ही विचाराल. तो पुढे, पेट्रोलच्या टाकीवर बांधलेला. एवढ्या सगळ्या सामानात तेवढीच जागा शिल्लक होती.

ह्या सामानाचा साडूबुवांना स्वतःला कधी उपयोग झाला नव्हता. ते घ्यायला लागल्यापासून त्यांची गाडी एकदाही पंक्चर झाली नाही. इतरांच्या मात्र झाल्या. रस्त्याच्या कडेला कोणी स्कूटर वाकडी करून उभा दिसला, की साडूबुवांच्या गाडीचा ब्रेक आपोआप लागतो. उतरतात, चादर अंथरतात, उशीवर गुडघा टेकतात. त्यामुळे ते कुठेही वेळेवर पोहोचत नाहीत. आमच्या घरातल्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत साडूबुवा हात मागे बांधून उभे आहेत. नवीन सुनांना तो विनय वाटतो. हात काळे असतात.

“ह्यांना आपलं स्वतःचं पंक्चर हवंय हो,” ताई म्हणायची. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. “दुसऱ्यांची काढून काढून मन भरलं. आता घरचं एखादं झालं की डोळे मिटायला मोकळे.”

 रविवारी सकाळी साडूबुवा अंगणात चादर पसरून सगळं सामान तपासायचे. पंप दाबून बघायचे, पाने पुसायचे, बॅटरी भरायचे. ट्यूबांच्या घड्या तर बघत राहाव्यात अशा. पावडर लावून, हवा पिळून काढून, चौकोनी घडी घालून, वर रबर लावून ठेवलेल्या. घडी इतकी देखणी, की ती मोडायची कोणाचीही हिंमत होऊ नये. खुद्द त्यांचीही झाली नव्हती, पण ते पुढे.

ताई एका शाळेच्या ऑफिसात होती. ती निवृत्त झाली आणि घरी बसली. थोडे दिवस कपाटं आवरली, थोडे दिवस झोप काढली, आणि मग एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो असताना अंगणातल्या त्या चादरीसमोर येऊन उभी राहिली.

“मी उद्यापासून तुमच्याबरोबर फेरीला येणार.”

साडूबुवा पंप पुसत होते. “कशाला?”

“घरात बसून मी आणि तुमचे जबडे एकमेकांकडे बघतो. ते सगळे मला ओळखायला लागलेत. आता जरा बाहेरची तोंडं बघू देत.”

“बसणार कुठे?”

हा प्रश्न विचारायला नको होता.  ताई म्हणाली, “मागे. बायका मागेच बसतात. आठवतंय का, तुमच्या गाडीला मागे एक सीट होती. लग्नात दाखवली होती आम्हाला.”

माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मी तिथेच खुर्चीवर होतो, मला पळायला वेळ मिळाला नाही. साडूबुवांनी माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही हिशेबाचं काम करणारे. तुम्हीच सांगा हिला. ह्यातलं काय कमी करू?”

ताई चादरीवर बसली आणि तिने एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली.

“ही उशी?”

“गुडघ्याखाली.”

“मला घरात गुडघा दुखतो तेव्हा म्हणता, चालत राहा. बरं, हे लाकूड कशाला?”

“जमीन मऊ असेल तर स्टँड रुततो. त्याच्याखाली.”

“आणि ह्या दोऱ्या? तुमच्या गाडीला ट्यूब आहे ना?”

“लोकांच्या गाड्यांना नसते.”

“म्हणजे लोकांच्या गाड्यांचं सामान तुमच्या सीटवर, आणि तुमची बायको बसस्टॉपवर.”

साडूबुवा पंप खाली ठेवून म्हणाले, “अगं, हे सगळं तुझ्याचसाठी सुरू केलं ना मी! लग्नानंतर आपण जात होतो, चाक बसलं, किती चालायला लागलं तुला उन्हातून. नव्या चपला होत्या, पायाला फोड आले. तेव्हाच ठरवलं, पुन्हा हिला चालायला लावायचं नाही.”

“आणि म्हणून मलाच उतरवलंत,” ताई म्हणाली.

हे तिने हसत म्हटलं नाही. आत माझ्या बायकोचा हसण्याचा आवाज थांबला. ताई बायकी रुसव्यातली नाही, ती तोंडावर बोलून मोकळी होणारी आहे, पण त्या वेळी ती दुसरीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “एवढी वर्षं नोकरी होती, मीही बोलले नाही. आता तरी बसू द्याल की नाही, तेवढं सांगा. नसेल जमत तर मी माझं काहीतरी बघते. वाचनालयात जाईन. पण पुन्हा विचारणार नाही.”

साडूबुवांना रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा चेहरा लगेच वाचता येतो. घरच्याचा वाचायला त्यांना वेळ लागला, पण वाचला. त्यांनी मान खाली घातली आणि सामान दोन ढिगांत लावायला लागले. एक ढीग न्यायचा, एक ठेवायचा. दुपारपर्यंत न्यायचा ढीग मोठा होता. जेवणानंतर ताई नुसती येऊन उभी राहिली, तेव्हा तो थोडा लहान झाला. चहाच्या वेळी उशी, घमेलं, बॅटरीचा पंप आणि दोऱ्या घरात गेल्या. बाजूच्या पिशव्याही काढायला लागल्या, कारण त्यांच्यामुळे मागे बसणाऱ्याला पाय ठेवता येत नव्हते. उरलं ते एका लहान बॅगेत मावलं. पाने, पट्ट्या, ठिगळं, सोल्यूशन, खरखरीत कागद, हातपंप, मागच्या चाकाची ट्यूब. लाकूड त्यांनी दोनदा आत ठेवलं आणि तिसऱ्यांदा बॅगेत कोंबलं. ते ताईने बघून न बघितल्यासारखं केलं.

पण मग ही लहान बॅग ठेवायची कुठे? साडूबुवांचं उत्तर तयार होतं. टाकीवर. सामान नजरेसमोर हवं.

“आणि दात?” मी विचारलं.

दातांचा डबा ताईच्या मांडीवर जाणार होता. हे साडूबुवांना अजिबात पसंत नव्हतं. “मेण आहे ते, हिसका बसला की दात हलतात,” असं ते निदान चारदा म्हणाले. “माझी मांडी आहे, रस्ता नाही,” असं ताई एकदाच म्हणाली. शेवटी पंक्चरचं सामान नजरेसमोर असणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि दात ताईकडे गेले.

पुढचं घडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. साडूबुवांनी सांगितलं ते आणि ताईने सांगितलं ते, दोन्ही मांडून ज्या बाबी जुळल्या तेवढ्याच इथे लिहितो.

फेरी नदीपलीकडच्या गावची होती. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे एक आजी मेणातली कवळी घालून बघायला येणार होत्या. पूल ओलांडला, थोडा चढ चढला, आणि गाडीचं मागचं चाक डोलायला लागलं. साडूबुवांनी गाडी कडेला घेतली, उतरून वाकून बघितलं. खिळा.

ताईचं म्हणणं, लग्नाच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद नव्हता तो त्या क्षणी होता.

“अगं, पंक्चर!” ते म्हणाले.

“अभिनंदन,” ताई म्हणाली.

ऊन चांगलंच होतं. साडूबुवांनी गाडी स्टँडवर घेतली. स्टँडखाली लाकूड सरकवलं आणि ताईकडे बघितलं. जमीन खडकासारखी होती, पण ताई डबा घेऊन झाडाच्या सावलीत गेली. त्यांनी चाक काढलं, पट्ट्यांनी टायर उचकटला, जुनी ट्यूब बाहेर ओढली. हात कसे झरझर चालत होते, ते मात्र ताईनेही कौतुकाने सांगितलं. मग त्यांनी नव्या ट्यूबची ती देखणी घडी हातात घेतली, रबर काढलं आणि उलगडली. पंपाने थोडी हवा भरली, आत घालताना पीळ पडू नये म्हणून. हवा भरेना. पुन्हा भरली. ट्यूब कुठूनतरी सुस्कारा टाकत होती.

घडीच्या एका मोडीवर भोक होतं. शेजारच्या मोडीवर दुसरं. जिथे जिथे घडी मोडली होती आणि बॅगेतल्या लाकडाला टेकली होती, तिथे तिथे इतक्या वर्षांच्या हादऱ्यांनी रबर घासून घासून झिजलं होतं. पंक्चरच्या तयारीलाच पंक्चर झालं होतं, आणि तेही चाळणीसारखं. रविवारी पंप तपासला जाई, पाने पुसले जात, बॅटरी भरली जाई. घडी मात्र कोणी मोडली नव्हती, कारण ती फार चांगली झाली होती. मागच्या चाकाची ट्यूब अडलेल्या कोणाच्याच कामी आली नव्हती, प्रत्येकाचं काम ठिगळावर भागलं होतं.

“ठिगळ लावतो,” साडूबुवा म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता. जुन्या ट्यूबचं भोक सापडलं, कागदाने घासलं, सोल्यूशनची नळी घेतली. नळी नवी होती. जुनी लोकांसाठी वापरायची, नवी स्वतःसाठी न फोडता राखून ठेवायची, हा त्यांचा नियम होता. आजपर्यंत स्वतःची वेळ आली नव्हती, त्यामुळे नवी नळी किती वर्षांची नवी आहे हे त्यांनाही सांगता येईना. तिचं तोंड फोडलं आणि दाबली. काही आलं नाही. कापली. आत खोडरबरासारखा सुका गोळा.

साडूबुवा रस्त्याच्या कडेला बसले. आजूबाजूला पट्ट्या, पाने, पंप, दोन ट्यूबा. ताई डबा मांडीवर घेऊन झाडाखाली दगडावर बसली होती. ती उठली.

“मेणाला ऊन चालतं का?”

“नाही चालत. दात सरकतात. आजी सकाळपासून येऊन बसल्या असतील गं.” मग एकदम, “तू कशी जाशील? तू कधी गेली आहेस का तिथे? मी येतो, गाडी राहू दे.”

“चाक काढून ठेवलेली गाडी? तुम्ही बसा तुमच्या दुकानात.”

तिने पदर डब्यावर ओढला आणि रस्त्यावर जाऊन हात केला. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी एका लॉन्ड्रीची होती, ती थांबली. इस्त्रीच्या शर्टांच्या गठ्ठ्यांमध्ये ताई डबा दोन्ही हातांनी धरून बसली आणि गेली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आजी खरंच वाट बघत होत्या. ताईने डबा काउंटरवर ठेवला, साडूबुवांची बायको म्हणून ओळख सांगितली. डॉक्टरीणबाईंनी तिथेच डबा उघडला, कवळी हातात घेऊन उजेडाकडे फिरवली. पुन्हा फिरवली.

“आज कशावरून आणलीत?”

ताई घाबरली. “का हो? बिघडली का?”

“बिघडली कुठे? तेच म्हणते. तुमच्या मिस्टरांचं काम सुरेख असतं, पण इथे पोहोचेपर्यंत समोरचे एकदोन दात नेहमी मान वळवून बसलेले असतात. मी सुरी गरम करून सरळ करून घेते. आज अगदी शाळेतल्या रांगेसारखे उभे आहेत.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीत कधी?”

“इतके घाईत येतात, हात काळे, डबा ठेवला की निघाले. कधी सांगणार? आणि एवढ्या लांबून आणतात, वाईट वाटायचं.”

आजींनी कवळी घातली, आरशात बघितलं, आणि आरशाला सोडून ताईलाच विचारलं, “कशी दिसते गं?” ताई म्हणाली, “जाऊबाईंना दाखवण्यासारखी.” आजी एवढ्या हसल्या की डॉक्टरीणबाईंना कवळी धरावी लागली. मेणाची होती ती.

कवळी पसंत पडली. पक्की करायला परत घेऊन ताई चौकात आली, तिथल्या पंक्चरवाल्याला गाठलं आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसून पुलापाशी आली. साडूबुवा जसे होते तसेच बसले होते, फक्त पाने आकाराप्रमाणे लावून ठेवले होते.

पंक्चरवाला म्हातारा आणि तुसडा होता. त्याने रस्त्याकडेला मांडलेलं सामान बघितलं, साडूबुवांकडे बघितलं. “माझ्या दुकानासमोर दुकान टाकायचा विचार आहे का?”

“नाही हो, आपलं अडीअडचणीला.”

“मग हे काय, प्रदर्शन आहे होय?” असं म्हणून तो उशी नसलेल्या जमिनीवर गुडघा टेकून कामाला लागला. त्याने ठिगळ लावलं, टायर चढवला, हवा भरली. स्टँडखालचं लाकूड ओढून काढलं आणि विचारलं, “हे काय?”

“जमीन मऊ असेल तर,” ताई म्हणाली.

म्हाताऱ्याने टाच आपटून जमीन तपासली आणि लाकूड साडूबुवांच्या हातात दिलं.

तो गेल्यावर ताईने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. सौम्य करून सांगायचं तिने येताना स्कूटरवर ठरवलं होतं, पण सौम्य तिला जमत नाही. साडूबुवांनी ऐकून घेतलं.  मग टाकीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. टाकी तापलेली होती. खाली इंजिन, वर ऊन. इतकी वर्षं मेणातले दात त्यांनी तव्यावर ठेवून नेले होते आणि प्रत्येक डॉक्टर सुरी गरम करून ते गुपचूप सरळ करत आला होता.

“एकाने तरी सांगायचं,” ते म्हणाले.

“सांगायला थांबायला लागतं. तुम्ही दुसऱ्यांच्या चाकाशी थांबता.”

त्यांनी बॅग उचलली. टाकीवर ठेवायला गेले आणि थांबले. मग ती पाठीला लावली, पट्टे ओढून घेतले. ताई डबा घेऊन मागे बसली.

“बस नीट,” साडूबुवा म्हणाले.

“बसलेच आहे.”

“तुला नाही, दातांना.”

आता ताई दर फेरीला जाते. डॉक्टरांकडे ती आत जाते आणि साडूबुवा बाहेर गाडीजवळ उभे राहतात. आत काय झालं ते बाहेर आल्यावर ती सांगते. कोणाचा चावा बसत नाही, कोणाला दात पांढरे वाटतात, कोणाची सून काय म्हणाली. साडूबुवा तोंडाने “बायकांचं बोलणं” म्हणतात आणि पुढची कवळी तशी करतात. रस्त्यात कोणी अडलेलं दिसलं की अजूनही ब्रेक लागतो. ताई उतरत नाही. मागच्या सीटवर बसूनच अडलेल्या माणसाची चौकशी करते, आणि साडूबुवांनी चाक काढेपर्यंत तिला त्याच्या घरातली सगळी माणसं कळलेली असतात. ट्यूबा दर रविवारी ती स्वतः उलगडते आणि हवा भरून बघते. घडी पूर्वीसारखी राहिली नाही, असं साडूबुवांचं म्हणणं आहे.

मागे एकदा त्या मागच्या खोलीत चहा घेताना मी त्यांना विचारलं, “काय साडूबुवा, शेवटी सीट कोणाची झाली?”

त्यांनी हातातल्या मेणावरून नजर न उचलता सांगितलं, “मेणाची. मेणाला टाकी सोसत नाही, मांडी लागते. धंद्याची गरज आहे.”

दारात ताई बशी घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, “म्हणू देत.”